‘आधी स्वतः सोडव, मग ये’

निपाणीत संध्याकाळी माझ्याकडे मुलं भौतिकशास्त्र आणि गणित शिकायला येतात. काही इथल्या पीयू (म्हणजे अकरावी-बारावीच्या) कॉलेजांतली, काही गावाला लागून असलेल्या, पण महाराष्ट्रात मोडणाऱ्या अर्जुननगरच्या देवचंद कॉलेजातली. बोर्ड दोन, अडचण एकच : दहावीपर्यंत मराठी आणि त्यानंतर विज्ञान एकदम इंग्रजीत.

कित्येक वर्षं माझा एक नियम होता. कुणी वही घेऊन विचारायला आलं, की मी म्हणायचो, “आधी स्वतः सोडव, मग ये.” मदत केली की मूल परावलंबी होतं, असं मी मनापासून मानत होतो. आज मानत नाही.

जवळच्या खेड्यातली एक मुलगी, आई विड्या वळणारी. पहिल्या पीयूच्या गृहपाठात गणित होतं : सुटलेली गाडी t सेकंदांत t² मीटर अंतर जाते, तर बरोबर 3 सेकंद झाले त्या क्षणी तिचा वेग किती? मी तिला दोनदा परत पाठवलं. तिसऱ्यांदा ती आलीच नाही. पुढे वह्या तपासताना तिचं पान दिसलं. मराठीत लिहिलं होतं : वेग म्हणजे अंतर भागिले वेळ. एका क्षणात वेळ शून्य, अंतरही शून्य. शून्याला शून्यानं भागायचं कसं? त्याखाली पान कोरं.

मी तिला आळशी समजत होतो. पण नेमकी हीच शंका बर्कली या तत्त्वज्ञानं 1734 मध्ये न्यूटनच्या पद्धतीवर घेतली होती. न्यूटनचा ‘प्रिन्सिपिया’ 1687 चा. सीमेच्या कल्पनेवर कलनशास्त्राची नीट उभारणी कोशीनं केली ती 1821 मध्ये. जिथे मोठमोठे गणिती शंभरावर वर्षं अडखळले, तिथे एक सोळा वर्षांची मुलगी एकटीच्या बळावर पोचली होती, आणि मी तिला दारातून परत पाठवत होतो.

मग मी पुस्तकं पुन्हा उघडली. एनसीईआरटीच्या अकरावीच्या भौतिकशास्त्रात सरळ रेषेतली गती दुसऱ्याच प्रकरणात येते आणि तिथेच विकलन लागतं. गणिताच्या पुस्तकात सीमा आणि विकलन येतं ते बाराव्या प्रकरणात. संकलन तर बारावीत. म्हणजे जे अजून शिकवलेलंच नाही, ते ‘स्वतः सोडव’ असं मी सांगत होतो.

मी तिला बोलावून घेतलं. म्हटलं, “अगं, क्षण धरूच नकोस. 3 पासून 3.1 सेकंदापर्यंत किती गेली?” तिनं मांडलं : 9.61 वजा 9, भागिले 0.1. उत्तर 6.1. मग 3.01 पर्यंत : 6.01. मग 3.001 पर्यंत : 6.001. ती वहीकडे बघत म्हणाली, “सर, हे सहाकडं सरकायलंय.” विकलन म्हणजे हेच. वेळ शून्य करायची नाही, शून्याच्या जवळ नेत राहायची आणि उत्तर कुठे स्थिरावतं ते पाहायचं. ‘इन्स्टंटेनियस’ या शब्दाला ती बिचकत होती. ‘तात्कालिक’ म्हटल्यावर बिचकली नाही. भास्कराचार्यांनी 1150 च्या ‘सिद्धांतशिरोमणी’त ग्रहांच्या तात्कालिक गतीचा विचार केला आहे, हेही तिला सांगितलं. मग तेच उत्तर तिनं इंग्रजीत लिहिलं, कारण परीक्षा इंग्रजीत आहे.

आजही मी सगळं गणित सोडवून देत नाही. फळ्यावरचं उत्तर उतरवून घेतलं की गाडीचे आकडे बदलताच मूल पुन्हा अडतं, हे माझं जुनं मत अजून कायम आहे. बदललं ते एवढंच : आता मी विचारतो, “कुठवर आलीस? दाखव.” जिथे पेन थांबलं, तिथली फक्त पुढची एक ओळ मराठीत बोलतो. बाकीचं तिचं तीच करते.

त्या नियमापायी आणखी किती मुलं मुकाट्यानं परत गेली, हे मला कधीच कळणार नाही. त्याची रुखरुख आहे. म्हणून बेळगाव-निपाणी भागातल्या शिक्षकांना आणि पीयू पार केलेल्या ताईदादांना माझं सांगणं आहे : वही घेऊन कुणी दारात आलं, तर परत पाठवू नका. आधी वही उघडा आणि पेन कुठे थांबलंय ते बघा.