येरळेचं पाणी कुणाचं?

मसूर स्टेशन आलं की आम्हाला १९०१ साल आठवतं. वडिलांना भेटायला गोरेगावला निघालेली लहान मुलं इथंच उतरली होती. त्यांत आपले बाबासाहेब होते. जात कळल्यावर गाडीवान मिळेना. दुप्पट भाडं देऊन, बैल स्वतः हाकत ती निघाली. सोबत जेवण होतं, पण वाटेत कुणी पाणी दिलं नाही. मुलं उपाशीच झोपली.

मसूरहून पूर्वेला खटाव आणि पुढं सांगलीतल्या खानापूरकडं जाताना आम्ही हा मुलूख पाहतो. एकाच सातारा जिल्ह्यात महाबळेश्वर पावसात बुडतं आणि माण-खटाव टँकरची वाट बघतं. उघडे माळ, बाभळी, मेंढरांचे कळप. हिवाळ्यात येरळवाडी-मायणीच्या पाण्यावर रोहित पक्षी उतरतात, तेव्हा फोटो काढायला गर्दी होते. उन्हाळ्यात मात्र येरळा म्हणजे नुसती वाळू. त्याच वाळूत आमच्या आज्या झिरे उकरून वाटीवाटीनं घागर भरायच्या. गावाचा झिरा वरच्या अंगाला, आमच्या वस्तीचा खालच्या.

म्हणून कुणी "खेड्यातलं साधं, सुंदर जीवन" म्हटलं की आम्ही विचारतो, कुणाचं? ४ नोव्हेंबर १९४८ ला संविधान सभेत बाबासाहेबांनी खेड्याच्या गौरवावर कठोर टीका केली, ती या अनुभवातूनच.

पण याच येरळेनं दुसरी वाटही दाखवली. १९८२ च्या गिरणी संपात मुंबईहून परतलेले कामगार आणि इथले कष्टकरी यांच्यातून मुक्ती संघर्ष चळवळ उभी राहिली. बलवडी-तांदूळवाडीच्या लोकांनी बळीराजा धरण बांधलं. नदीतली थोडी वाळू विकून त्यासाठी पैसा उभा केला आणि वाळूच्या बेसुमार उपशाला विरोधही केला. धरणाच्या पाण्यात भूमिहीनांचाही वाटा धरला. पाण्याचा हक्क जमिनीच्या सातबाऱ्यावरून सोडवून माणसाशी जोडला, ही या धरणाची खरी उंची.

आज टेंभूचं पाणी दुष्काळी भागात पोचतंय, याचा आनंद आहे. पण ज्याच्या नावावर गुंठाभर जमीन नाही, त्याच्या वाट्याला या पाण्यातलं काय येतं? मित्रांनो, येत्या ग्रामसभेत हा एक प्रश्न विचारा आणि उत्तर इतिवृत्तात लिहून घ्या. महाडला आपण पाणी प्यायचा हक्क बजावला. आता पाण्यातला वाटा मागायचा आहे.

जय भीम!