सहा सायकली आणि एक ट्रक

माणसाने तरुणपणी एखादा तरी पराक्रम करून ठेवावा. म्हातारपणी तो फार उपयोगी पडतो. पेन्शन महिन्यातून एकदाच मिळते, पराक्रम रोज सांगता येतो. माझा पराक्रम असा, की १९७८ सालच्या मे महिन्यात आम्ही सहा मित्र पुण्याहून महाबळेश्वरला सायकलने गेलो. हे मी आजवर इतक्यांदा सांगितले आहे, की मी नुसते ‘आमच्या वेळी’ म्हटले तरी घरातली मंडळी पंखा बंद करून दुसऱ्या खोलीत जातात.

त्या वेळचे पुणे म्हणजे सायकलींचे गाव. कारकून, प्राध्यापक, दूधवाले, सगळे सायकलवर. तेव्हा सायकलचे कौतुक कुणाला नव्हते. कौतुक होते ते मे महिन्याचे, आणि मे महिना ही आमच्या पुढाऱ्याची कल्पना. प्रत्येक टोळक्यात असा एक प्राणी असतो. कल्पना त्याला सुचतात आणि भोवतात इतरांना.

“१९२३ साली मुंबईहून सहा पारशी तरुण सायकलवर पृथ्वीप्रदक्षिणेला निघाले,” तो चहाच्या दुकानात म्हणाला, “इराण-इराकच्या वाळवंटातून गेले, १९२८ साली परत आले. आणि तुम्हाला साधं महाबळेश्वर जमत नाही? एकशेवीस किलोमीटर?”

निघाले सहा, पण फेरी पुरी केली तिघांनीच, हा तपशील त्याने चहाबरोबर गिळला. तो मला पुढे कितीतरी वर्षांनी कळला.

पहाटे चारला स्वारगेटहून निघायचे ठरले होते. सहाला निघालो. पुढाऱ्याने वहीत ‘चारच्या सुमारास’ असे लिहिले. प्रत्येकाच्या आईने हातावर दही घातले होते आणि ऊन लागू नये म्हणून खिशात एकेक कांदा. एकूण सामान म्हणजे सहा कांदे आणि एक पंप.

सायकली बिनगिअरच्या, वीस-वीस किलोच्या. कात्रजचा घाट चढतानाच लक्षात आले, की आपण सायकलवर बसून जाणार ही समजूत चुकीची असून बऱ्याच ठिकाणी तिला आपण न्यायचे आहे. पलीकडे मात्र साताऱ्याच्या रस्त्याला दुतर्फा वड होते. पुढे रस्ता रुंद झाला आणि ते गेले. तेव्हा आम्ही एका वडापासून दुसऱ्या वडापर्यंत असा प्रवास करीत होतो. दक्षिणेकडे जाताना सकाळी डावा गाल भाजतो आणि दुपारनंतर उजवा. भाकरी उलटावी तशी सोय निसर्गाने केलेली आहे.

शिरवळला पिठले-भाकरी खाल्ली. ही दुसरी चूक. साडेबाराच्या सुमारास खंबाटकीच्या पायथ्याशी आलो. मेच्या मध्याला आपल्याकडे भर दुपारी सूर्य बरोबर डोक्यावर येतो आणि सावली पायांखाली नाहीशी होते. शाळेत हे भूगोलात होते. तिथे ते आयुष्यात आले. रस्त्याचे डांबर मऊ होऊन टायरला चिकटत होते आणि स्वतःच्या सावलीनेही माझी साथ सोडली होती.

घाम एकटा जात नाही, शरीरातले मीठ घेऊन जातो, हे आज शाळकरी पोरालाही ठाऊक असते. आम्ही नुसतेच पाणी ढोसत होतो. दुसऱ्या वळणावर माझ्या पोटऱ्यांत असे गोळे आले, की मी सायकलसकट रस्त्याकडेला आडवा झालो. चौघे पुढे गेले होते. मागे राहिला होता एकटाच. सगळ्यांत हळू चालवणारा म्हणून त्याला आम्ही ‘शेपूट’ म्हणत असू.

एवढ्यात रिकाम्या टोपल्यांचा एक ट्रक थांबला. “चढा की, वर सोडतो,” ड्रायव्हर म्हणाला. शेपटाने माझी सायकल उचलून वर दिली, मग मला दिले.

“आणि तू?”

“येतो मी ढकलत. तू जा.”

मी गेलो. टोपल्यांच्या मधे आडवा, तोंडावर एक टोपली पालथी. वाटेत पुढाऱ्याचा आवाज ऐकू आला. रस्त्याकडेला बसून तो तिघांना इराणचे वाळवंट समजावून सांगत होता.

माथ्यावर उतरलो. चौघे धापा टाकीत पोचले तेव्हा मी झाडाखाली बसलो होतो. घाम हवा म्हणून बाटलीतले थोडे पाणी कपाळावर शिंपडले होते.

“अरे, तू पुढे कधी गेलास?”

“तुम्ही बसला होतात तेव्हा,” मी म्हणालो. ते अक्षरशः खरे होते.

पाठीवर थापा पडल्या. पुढाऱ्याने वही काढली आणि ‘खंबाटकी : पहिला’ असे लिहून पुढे माझे नाव घातले. तासाभराने शेपूट सायकल ढकलीत आला, चेहरा भाजलेल्या वांग्यासारखा. त्याने माझ्याकडे पाहिले, वहीकडे पाहिले, पाणी प्यायला आणि म्हणाला, “बरा चढलास रे.” बस्स, एवढेच. पुढे वाई आणि पसरणीचा घाट मी स्वतःच्या पायांनी पार केला, पण ते कुणी वहीत लिहिले नाही.

गेल्या मे महिन्यात माझा नातू त्याच्या मित्रांबरोबर त्याच वाटेने निघाला. हेल्मेट, सत्तावीस गिअर, मीठ-साखरेची पाकिटे, सगळा सरंजाम. शेपूट त्या दिवशी घरी आला होता. आता त्याला सगळे आजोबा म्हणतात.

“आणि मागून एक गाडी असते,” नातू म्हणाला. “कुणी दमला तर त्यात बसायचं.”

“मग इतरांना काय सांगायचं?” मी विचारले.

“काय सांगायचंय? दमलो म्हणायचं.”

मी गप्प झालो. शेपटाने चहाचा कप खाली ठेवला. “आमच्या वेळीही गाडी होती,” तो म्हणाला. “टोपल्यांची.”

मग मी नातवाला सगळे सांगितले. पहिल्यांदाच. तो इतका हसला, की आतल्या खोलीतली मंडळी बाहेर आली. हसून झाल्यावर त्याने शेपटाला विचारले, “आजोबा, ट्रकमधे जागा होती ना? मग तुम्ही का नाही बसलात?”

“दोघंही पुढे दिसलो असतो तर कुणाचा विश्वास बसला असता?” तो म्हणाला. “एकाचा बसतो.”