सिंदेवाहीच्या शिवारात आकाशातली कडी

नागपूरहून उमरेड, भिवापूर, नागभीड करीत खाली निघालात की मिरचीचा मुलूख मागे पडतो आणि धानाच्या बांध्या लागतात. जुने मालगुजारी तलाव, बांधावरची झाडे, पलीकडे जंगल. हा चंद्रपूर जिल्ह्यातला सिंदेवाही तालुका. धानाचे संशोधन केंद्र इथलेच, म्हणून आम्हा शेतीखात्याच्या माणसांना हे गाव जवळचे. पण २०२२ साली त्याचे नाव निराळ्याच कारणाने देशभर झाले.

त्या वर्षी २ एप्रिलला गुढीपाडवा होता. रात्री पावणेआठच्या सुमारास जळत्या निखाऱ्यांची रांग आकाशातून सरकताना महाराष्ट्रात, गुजरातेत आणि मध्य प्रदेशात लोकांनी पाहिली. लाडबोरीत गावजेवणाची तयारी चालली होती. तेवढ्यात धाडकन आवाज झाला. मोकळ्या जागेत धातूची भलीमोठी कडी पडली होती. रुंदीला सुमारे दहा फूट, वजनाला चाळीस किलो! पाठोपाठ पवनपारच्या बाजूला एक गोळाही सापडला. सुदैवाने कुणाला इजा झाली नाही. पुढे 'इस्रो'चे शास्त्रज्ञ येऊन तपासणी करून गेले. फेब्रुवारी २०२१ मध्ये सुटलेल्या चिनी रॉकेटचे हे अवशेष असावेत, असे जाणकारांचे मत पडले.

तुम्ही विचाराल, वर गेलेले खाली का आले? उपग्रह वर सोडून झाला की रॉकेटचा रिकामा भाग पृथ्वीभोवती फिरत राहतो. तिथली हवा अतिशय विरळ, तरी थोडी असतेच. गुडघाभर पाण्यातून चालताना बैलाची चाल मंदावते, तसा त्या हवेत त्याचा वेग हळूहळू मोडतो. तो खाली येतो, दाट हवेत शिरताच पेटतो. बराचसा जळून जातो. टाक्या, कड्या असले चिवट भाग तेवढे उरतात. पृथ्वीवर पाणी आणि ओसाड जागा जास्त, म्हणून बहुतेक तुकडे तिकडेच पडतात. १९७९ सालची स्कायलॅब वडीलधाऱ्यांना आठवत असेल. तिच्या धास्तीने गावेच्या गावे जागी होती. ती शेवटी हिंदी महासागरात आणि पश्चिम ऑस्ट्रेलियात पडली.

तरीही सावधगिरी हवी. १९७८ साली कॅनडात पडलेल्या रशियाच्या उपग्रहात किरणोत्सारी इंधन होते. काही टाक्यांत विषारी रसायनाचा अंश राहतो. म्हणून असे काही शिवारात आढळले तर हात लावू नका, घण घालू नका, भंगारात विकू नका. मुलांना आणि गुरांना लांब ठेवा. पोलीस पाटलांना व तहसीलदारांना लगेच कळवा.

पीक, गोठा वा जनावराचे नुकसान झाले तर पंचनामा अवश्य करून घ्या. १९७२ च्या आंतरराष्ट्रीय करारानुसार जमिनीवरच्या अशा नुकसानीची भरपाई रॉकेट सोडणाऱ्या देशाने द्यायची असते. ती मागते आपले सरकार. पण मागायला कागद लागतो, आणि तो तुमच्या बांधावरच तयार होतो.