नागपूरचा खरा चौक डोक्यावर आहे!

नागपूरला आलात की झीरो माइलपाशी फोटो होतोच. पण खरा चौक वर, आकाशात आहे. 1949पासून कित्येक वर्षं दिल्ली, मुंबई, कलकत्ता, मद्रासहून निघालेली टपालाची विमानं मध्यरात्री सोनेगावला भेटायची. थैल्या आणि प्रवासी बदलले, की चालली परत!

वर्धा रोडवर थांबून विमानं बघायला मला जाम आवडतं. याच धावपट्टीवरून एअरबसही उडाल्या आणि फ्लाइंग क्लबची चिमुकली सेसनाही. मग धडक कशी टळते?

12 नोव्हेंबर 1996ला हरियाणात चरखी दादरीवर दोन विमानं धडकली, 349 जण गेले. त्यानंतर आपल्याकडे प्रवासी विमानांना टीकॅस सक्तीचं झालं. दोन्ही विमानांत ते असलं, की एका पायलटला ‘वर चढ’ सांगतं, दुसऱ्याला ‘खाली उतर’. गोची एकच: छोट्या विमानाचा ट्रान्सपॉन्डर बंद असेल, तर टीकॅसला ते दिसतच नाही. मग सगळी भिस्त टॉवरमधल्या माणसावर आणि पायलटच्या डोळ्यांवर.

म्हणून उतरण्याआधी विमानाने दोन घिरट्या जास्त मारल्या, तर चिडू नका राव. तर्री-पोहे दहा मिनिटं थांबतील!