सान फेदेले : वहीतली टिपणं

मिलानच्या ‘ला स्काला’ या ऑपेरागृहाचं नाव एका पाडलेल्या चर्चचं आहे. सांता मारिया देल्ला स्काला हे चर्च १७७६ साली पाडलं, १७७८ मध्ये त्या जागेवर रंगमंच उभा राहिला, आणि चर्चचं नाव व मान जवळच्याच सान फेदेलेला मिळाला. सान फेदेले मूळचं जेझुइटांचं. पण तेव्हा तिथे एकही जेझुइट नव्हता, कारण १७७३ मध्ये पोपनेच येशूसंघ बरखास्त केला होता. संघ पुन्हा उभा राहिला १८१४ मध्ये. आज सान फेदेलेच्या चौकात जेझुइटांचं ‘सान फेदेले सांस्कृतिक प्रतिष्ठान’ चालतं. कलादालन आहे, प्रेक्षागृह आहे, चित्रपटांचं चर्चामंडळ आहे, संगीत आहे. १९५० पासून निघणारं ‘अज्जोर्नामेंती सोचाली’ हे सामाजिक प्रश्नांवरचं मासिकही त्याच पत्त्यावरचं. वेतन, स्थलांतर, राजकारण हे मासिकाचे विषय, आणि शेजारच्या दालनात चित्रं. हा शेजार मला आवडतो.

*

१५६९. आर्चबिशप कार्लो बोरोमेओंनी पेल्लेग्रिनो तिबाल्दी या वास्तुकाराकडे हे चर्च सोपवलं. ट्रेंटची धर्मसभा नुकतीच आटोपली होती. चर्चमध्ये कोणती चित्रं चालतील, कोणती नाहीत, यावर तिने निर्णय दिला होता. बोरोमेओ तर पुढे गेले. चर्च कसं बांधावं याचं नियमांचं पुस्तकच त्यांनी १५७७ मध्ये काढलं : वेदी कुठे, खिडक्या कशा, पापनिवेदनाची जागा कशी. त्यांनी बांधून घेतलेल्या या वास्तूत आज कुनेलिस आणि पार्मिज्जानी या आधुनिक कलावंतांची कामं आहेत. बोरोमेओ चिडले असते, असं सगळेच म्हणतील. चिडलेही असते. पण चित्रावर नियम घालणाऱ्याला निदान चित्राची धास्ती असते. ज्याला चित्राचं काहीच वाटत नाही, तो नियम कशाला करेल?

*

लुचो फोन्ताना. जन्म १८९९, अर्जेंटिनातल्या रोसारिओचा. १९४९ पासून हा माणूस कॅनव्हासला भोकं पाडू लागला, १९५८ पासून सरळ पात्याने चिरू लागला. या दोन्हींच्या मधे, १९५६ च्या सुमारास, त्याने सान फेदेलेसाठी वेदीवरचं एक शिल्प केलं. विषय येशूचं पवित्र हृदय.

आपल्याकडे वसई-वांद्र्याच्या कॅथलिक घरांत हे चित्र दर्शनी भिंतीवर असतं, खाली लाल दिवा. गुळगुळीत चेहरा, नीट विंचरलेले केस, छातीवर बोट. फोन्तानाचं काम मातीचं, भाजून झिलई चढवलेलं. आकृती खडबडीत, मातीवरचे हाताचे दाब तसेच ठेवलेले. दोन्हींची कथा एकच. भाल्याने भोसकलेलं हृदय आणि भोक पाडलेला कॅनव्हास यांची सांगड समीक्षक हौसेने घालतात. मला ती जरा जास्तच सोपी वाटते. मला महत्त्वाचं वाटतं ते वेगळंच. चर्चचं काम आलं म्हणून फोन्तानाने वेगळा, सोवळ्यातला हात वापरला नाही. आणि जेझुइटांनीही तो मागितला नाही.

त्याआधी मिलानच्या कॅथीड्रलच्या पाचव्या दरवाजासाठी स्पर्धा झाली होती. फोन्ताना आणि लुचानो मिंगुत्सी या दोघांना विभागून पहिलं स्थान मिळालं. दरवाजा अखेर केला मिंगुत्सीने. फोन्तानाचे कच्चे नमुने आता संग्रहालयात पाहायचे. कॅथीड्रलमध्ये त्याला न मिळालेली जागा दोन पावलांवरच्या चर्चने दिली. मोठ्या देवळांना भीती जास्त असते बहुधा.

*

६ जानेवारी १८७३. कादंबरीकार आलेस्सांद्रो मान्झोनी, वय ८७, सान फेदेलेतून बाहेर पडताना पायऱ्यांवर पडले. डोक्याला मार लागला. २२ मे रोजी गेले. आज चौकात त्यांचा पुतळा आहे. वर्षश्राद्धाला, २२ मे १८७४ रोजी, व्हेर्दीने आपलं ‘रेक्विएम’ सान मार्को चर्चमध्ये सादर केलं. व्हेर्दी काही भाविक नव्हता. शिवाय चर्चमध्ये बायकांनी गायचं नाही, असा दंडक होता, तेव्हा खास परवानगी काढावी लागली. श्रद्धाळू लेखकासाठी अश्रद्ध संगीतकाराने लिहिलेलं प्रार्थनासंगीत, तेही बायकांच्या आवाजासह. ‘समकालीन कलेशी संवाद’ हे शब्द तेव्हा कुणाच्या तोंडी नव्हते, काम मात्र चाललं होतं.

*

सगळ्यात महत्त्वाचं टिपण हे.

फेब्रुवारी १९६०. फेलिनीचा ‘ला दोल्चे व्हिता’ मिलानमध्ये लागला. पहिल्याच खेळाला प्रेक्षकांतून कुणीतरी फेलिनीवर थुंकलं. व्हॅटिकनचं वृत्तपत्र चित्रपटावर तुटून पडलं. आणि सान फेदेलेच्या वर्तुळातल्या फादर नाझारेनो ताद्देई या जेझुइटाने ‘लेत्तुरे’ मासिकात चित्रपटाची बाजू घेणारा लेख लिहिला. त्यात ओंगळपणा नाही, ईश्वरी कृपेची तहान आहे, असा त्याचा रोख. परिणाम असा की ताद्देईला मिलान सोडावं लागलं.

त्या वेळी मिलानचे आर्चबिशप होते जोव्हान्नी बात्तिस्ता मोंतिनी. चित्रपट त्यांना अजिबात मानवला नव्हता. १९६३ मध्ये हेच मोंतिनी पोप सहावे पॉल झाले. ७ मे १९६४ रोजी त्यांनी कलावंतांना सिस्टीन चॅपेलमध्ये बोलावलं आणि चर्चच्या वतीने चक्क क्षमा मागितली. आम्ही तुमच्यावर अनुकरण लादलं, तुम्हाला जखडून टाकलं, अशा अर्थाचं बोलले. १९७३ मध्ये व्हॅटिकन संग्रहालयात आधुनिक धार्मिक कलेचा विभाग उघडला, तोही त्यांनीच.

मी या माणसाला ढोंगी म्हणणार नाही. त्याला आधुनिक कला खरोखर हवी होती, आणि एका चित्रपटाने तो खरोखर हादरलाही होता. पण माफी कलावंतांची मागितली गेली. कलावंताची बाजू घेणाऱ्या फादरची नाही. दिग्दर्शकाला थुंकी पुसून पुढे जाता येतं, त्याच्या मागे निर्माता असतो, गर्दी असते. संस्थेतला माणूस संस्थेत राहतो, उद्या सकाळी त्याला त्याच टेबलावर जेवायचं असतं. अशा प्रतिष्ठानाचा अहवाल वाचताना म्हणून मी आधी प्रदर्शनांची यादी पाहत नाही. वाद झाला तेव्हा कोणाची बदली झाली, ते शोधतो.

*

संगीताचं : सान फेदेलेच्या प्रेक्षागृहात अंधार करतात आणि ठिकठिकाणी मांडलेल्या अनेक स्पीकरांतून इलेक्ट्रॉनिक संगीत ऐकवतात. वादक समोर नसतो. ही पद्धत मूळची पॅरिसची, १९७४ ची.

*

आता आपल्याकडचा एक चित्रकार, अँजेलो द फोन्सेका. जन्म १९०२, गोव्यातल्या सांतु एस्तेवचा. शांतिनिकेतनात चित्रकार अवनींद्रनाथांकडे शिकून आला आणि साडी नेसलेली मारिया रंगवू लागला. गोव्यातल्या बड्या कॅथलिकांना ते रुचलं नाही. तो पुण्याला आला आणि शिवाजीनगरच्या ख्रिस्त प्रेम सेवा संघाच्या आश्रमात राहिला. आश्रम अँग्लिकनांचा! कॅथलिक चित्रकाराला छप्पर दिलं ते दुसऱ्या पंथाने. जेझुइटांपैकी मुंबईचे इतिहासकार फादर हेरास मात्र भारतीय वळणाच्या ख्रिस्ती कलेचे कैवारी होते. फोन्सेका १९६७ मध्ये गेला. पत्नीने जपलेली त्याची चित्रं आज पर्वरीच्या झेवियर इतिहास संशोधन केंद्रात आहेत, आणि ते केंद्र जेझुइटांचंच.

मारियेला साडी नेसवली यात आज कुणाला काही वाटत नाही. वेलांकणीची माता साडीतच असते. चर्चला शहाणपण येतं, पण चित्रकार वारल्यावर.

*

सान फेदेलेत रोजची मिस्सा होते, हे विसरू नये. संग्रहालयात चित्र आवडलं नाही तर पुढच्या खोलीत जाता येतं. सकाळी प्रार्थनेला येणाऱ्या म्हाताऱ्या बाईला पुढची खोली नसते. तिला फोन्तानासमोरच गुडघे टेकायचे. तिचं मत घेतलं पाहिजे असं मी म्हणत नाही, पण धिटाई तिच्याकडूनही मागितली जाते, याची नोंद कुणी ठेवत नाही.

*

आणखी एक गोव्याचा चित्रकार : फ्रान्सिस न्यूटन सूझा, साळगावचा. त्याचं १९५९ चं ‘क्रूसिफिक्शन’ लंडनच्या टेट संग्रहालयात आहे : काळाकभिन्न, काटेरी, दात विचकणारा ख्रिस्त. मिलानच्या जेझुइटांनी तो वेदीवर लावला असता का? कचरले असते, आठवडाभर भांडले असते आणि मग लावला असता, असं मला वाटतं. मुंबईच्या जेझुइटांशी सूझाचा संबंध लहानपणीच आला होता. सेंट झेवियर्स शाळेच्या स्वच्छतागृहात अश्लील चित्रं काढल्याबद्दल त्याला शाळेतून काढलं. त्यावर त्याचं म्हणणं असं की चित्रं आधीच होती, फार वाईट काढलेली होती, मी फक्त सुधारली.