नुक्ता

माजलगावात आमचे टायपिंगचे दुकान 1999 पासून आहे. आम्ही दोघे भाऊ ते चालवतो. सुरुवातीला अर्ज, शपथपत्रे, लग्नपत्रिका आणि शाळांच्या प्रश्नपत्रिका एवढेच काम असायचे. पुढे लोक फ्लॉप्या घेऊन येऊ लागले. एकाच्या संगणकावर टाईप केलेले दुसऱ्याच्या संगणकावर उघडले की नुसते इंग्रजी अक्षरांचे कडबोळे दिसायचे. कुणाचा जुना प्रोग्रॅम बंद पडलेला असायचा आणि त्यातली दहा वर्षांची नावे नव्या प्रोग्रॅममध्ये हवी असायची. अशी कामे आमच्याकडे येत गेली आणि टायपिंग मागे पडले. धंदा काय म्हणून कुणी विचारले तर आम्ही सांगतो, इकडचा डाटा तिकडे नेऊन टाकतो. अब्बा याला सरळ हमाली म्हणतात. "हमाली है बेटा, पर बोरा फटना नक्को."

हे पोते फाटते कुठे, ते आधी सांगितले पाहिजे. तेव्हा मराठीचे जे फॉन्ट होते ते बहुतेक एकाच युक्तीवर चालत. संगणकाच्या पोटात इंग्रजी अक्षराचाच क्रमांक असे, पडद्यावर तेवढे मराठी अक्षराचे चित्र उमटे. श्रीलिपीत ज्या क्रमांकावर एक अक्षर, त्याच क्रमांकावर दुसऱ्या कंपनीच्या फॉन्टमध्ये वेगळेच अक्षर. युनिकोडने 1991 साली देवनागरीच्या अक्षरांना स्वतःचे कायमचे क्रमांक दिले, पण ते आमच्या गिऱ्हाइकांपर्यंत पोहोचायला पंधरा वर्षे लागली. तोवर टाईप झालेले सगळे नव्यात आणायचे, हे आमचे मुख्य काम होऊन बसले. त्यात एक खोच आहे. जुन्या फॉन्टमध्ये पहिली वेलांटी अक्षराच्या आधी टाईप होते, कारण ती डोळ्याला आधी दिसते. युनिकोडमध्ये ती अक्षराच्या नंतर येते, कारण ती नंतर उच्चारली जाते. रफाराचे बरोबर उलटे. रूपांतराचा प्रोग्रॅम इथे चुकला की 'शिराज'ची वेलांटी अधांतरी लटकते आणि 'कुर्बान'चा 'कुबार्न' होतो. आपल्या नावांत रफार आणि जोडाक्षरे जरा जास्तच, त्यामुळे आपल्या याद्यांचे हालही जास्त. पण या चुका बऱ्या म्हणायच्या. डोळ्याला खटकतात, म्हणून सापडतात.

खटकत नाहीत त्या वाईट. 2006 साली आम्ही एका पतसंस्थेच्या खातेदारांची यादी हलवली. जुन्या फॉक्सप्रोमधून एक्सेलमध्ये, एक्सेलमधून स्वल्पविरामांनी रकाने तोडलेल्या साध्या फाईलीत, तिथून नव्या प्रोग्रॅममध्ये. ओळी जितक्या निघाल्या तितक्याच उतरल्या. आम्ही मजुरी घेतली आणि खूश झालो. आठवड्याने कळले की ज्या खातेक्रमांकांच्या सुरुवातीला शून्य होते ते शून्य एक्सेलने गिळले होते. आणि ज्यांच्या पत्त्यातच स्वल्पविराम होता त्यांचा अर्धा पत्ता पुढच्या रकान्यात सरकला होता. एका बाईंच्या शिलकेच्या जागी 'जि. बीड' असे छापून आले. त्या कागद घेऊन आमच्याच दुकानात आल्या. "भाऊ, माझ्या पैशाचं बीड झालं का?" आम्ही तीन रात्री बसून एकेक ओळ जुनीशी ताडली. मोठमोठ्यांचेही असे होते. ब्रिटनमध्ये 2020 साली कोरोनाचे 15,841 रुग्ण आठवडाभर यादीबाहेर राहिले, कारण एक्सेलच्या जुन्या प्रकारच्या फाईलीत 65,536 च्या वर ओळी मावत नाहीत. उरलेल्या गुपचूप गळून गेल्या. पण ही बातमी वाचून आमची शरम काही कमी झाली नाही.

पोते सर्वांत जास्त फाटते ते नावाच्या रकान्यात. बहुतेक प्रोग्रॅममध्ये तीन रकाने असतात : नाव, वडिलांचे नाव, आडनाव. देशपांडे, जाधव, वाघमारे त्यात नीट बसतात. मराठवाड्यात आपली लिहिण्याची रीत 'सय्यद हमीद सय्यद मजीद' अशी. मुलाच्या आधी सय्यद, बापाच्याही आधी सय्यद. शब्द चार, रकाने तीन. घाईतला टाईप करणारा पहिला सय्यद नावात घालतो, हमीद वडिलांच्या जागी जातो, दुसरा सय्यद आडनाव होतो आणि मजीद रस्त्यावर येतो. म्हणजे कागदावर हमीद स्वतःचाच बाप. हसण्यासारखे आहे, पण डिसेंबर 2019 मध्ये नागरिकत्वाच्या कायद्यात दुरुस्ती झाली तेव्हा कुणी हसत नव्हते. पुढचे दोन महिने आमच्या दुकानात आपल्या लोकांची रांग होती. आधारवर 'नाझीर', शाळेच्या दाखल्यावर 'नजीर', रेशनकार्डावर 'नसीर'. माणूस एकच आणि कागद तिन्ही खरे. आम्ही दिवसभर शपथपत्रे टाईप करत होतो, आणि आमच्या स्वतःच्या घरातला कागद तेव्हा आठ वर्षे अडकून पडलेला होता.

त्याची हकीगत अशी. आमच्या दादांचे नाव रहीम. त्यांची 4 एकर 20 गुंठे जमीन शेजारच्या तालुक्यात. गावाचे नाव लिहीत नाही, कारण ज्या हातून चूक झाली तो माणूस केव्हाच अल्लाहच्या घरी गेला असेल. दादा 1979 साली गेले. सातबारा त्यांच्याच नावावर राहिला आणि त्याचे कुणाला काही वाटले नाही. तलाठी तेव्हा माणसाला तोंडावरून ओळखत. 2011 मध्ये अब्बांनी ठरवले की आपण असताना वाटणी व्हावी आणि फुफूचा हिस्सा फुफूच्या नावावर लागावा. वारसनोंदीसाठी संगणकाचा सातबारा काढला. क्षेत्र बरोबर उतरले होते, 1 हेक्टर 82 आर. (याचे आम्हाला नवल वाटले. 4 एकर 20 गुंठ्यांचे '4.20' करून तेच हेक्टर धरल्याचे प्रकार आम्ही पाहिले आहेत.) खातेदाराच्या जागी मात्र छापले होते : रजीम.

रहीम कोणाचे नाव आणि रजीम कोणाला म्हणतात हे इथल्या वाचकांना सांगायला नको. एकाच्या नावाने आपण प्रत्येक काम सुरू करतो, आणि त्याआधी दुसऱ्यापासून पनाह मागतो. अब्बांनी तो कागद टेबलावर उपडा ठेवला. "कोई बाप अपने बच्चे का नाम ऐसा रखताय क्या रे?"

आम्हाला वाटले, टायपिंगची चूक. म्हणजे आमच्याच धंद्यातली. जमीन महसूल संहितेच्या कलम 155 खाली लेखनातली चूक दुरुस्त करून मिळते, तसा अर्ज दिला. पण जुना हस्तलिखित सातबारा काढला तर तिथेही रजीमच. मग चूक कुठे झाली? संगणकाने हातातले जसेच्या तसे उतरवले होते. 2017 साली गावोगाव चावडी वाचन झाले. हस्तलिखित आणि संगणकाचा सातबारा ताडून लोकांसमोर वाचायचे, अशी ती मोहीम. आमचा गट आला, इकडे रजीम, तिकडे रजीम, बरोबरची खूण झाली. अब्बा उठून उभे राहिले, बोलले. लोकांनी ऐकूनही घेतले. पण दोन्ही कागद जुळत होते. वाचणाऱ्याला आम्ही दोष देत नाही. त्याला दोन कागद ताडायला सांगितले होते, तिसरा त्याच्यासमोर नव्हताच. पतसंस्थेत आम्ही तरी काय केले होते? ओळीच मोजल्या होत्या.

फुफू त्याच्या आदल्या वर्षीच्या पावसाळ्यात गेल्या. प्रत्येक ईदला विचारायच्या, "मेरा नाम चढा क्या रे?" आम्ही म्हणायचो, होतंय फुफू, कॉम्प्युटरमध्ये अडकलंय.

ते कॉम्प्युटरमध्ये अडकलेलेच नव्हते. निजामाच्या राज्यात महसुली दप्तर उर्दूत होते. 1948 साली पोलीस अॅक्शन झाली, 1956 मध्ये मराठवाडा मुंबई राज्यात आला, 1960 मध्ये महाराष्ट्र झाला आणि दप्तर मराठीत आले. कुठल्याशा कारकुनाने उर्दू कागद डाव्या हाताला ठेवून उजव्या हाताने मराठीत उतरवला असेल. आमच्या धंद्यातले पहिले मोठे काम तेच, आणि तेही वीज नसताना. किती गोष्टी बदलायच्या होत्या! ओळ उजवीकडून सुरू होणारी ती डावीकडून करायची. सन फसली, त्याचा इसवी करायचा. 1352 फसलीत 590 मिळवले की 1942 येते, पण निजामाच्या राज्यातले फसली वर्ष आजूर महिन्यात म्हणजे ऑक्टोबरात सुरू व्हायचे, म्हणून जानेवारीनंतरच्या तारखेला 591 मिळवावे लागतात. उर्दूत ऱ्हस्व स्वर लिहीत नाहीत, ते वाचणाऱ्याने मनाने घालायचे. दप्तराचे शब्द मात्र या प्रवासात शाबूत राहिले. तहसील, महसूल, मौजे, वल्द, जमाबंदी हे आज कुणाला परके वाटत नाहीत. हाल झाले ते माणसांच्या नावांचे.

हे सगळे आम्हाला उशिरा सुचले, आणि सुचवले दुसऱ्यानेच. सप्टेंबर 2023 मध्ये सरकारने निवृत्त न्यायमूर्ती संदीप शिंदे यांची समिती नेमली. मराठवाड्यातल्या निजामकाळच्या कागदांत कुणबी नोंदी शोधायच्या होत्या आणि एकाएकी मोडी आणि उर्दू वाचणाऱ्यांची शोधाशोध सुरू झाली. अब्बांचे शिक्षण उर्दूत झालेले, उमेदीत एका अर्जनविसाच्या हाताखाली बसलेले, त्यामुळे घसटलेले शिकस्ता अक्षरही त्यांना लागते. ऐंशीला टेकलेले अब्बा दुकानात खुर्ची टाकून बसू लागले. आसपासच्या खेड्यांतले मराठा शेतकरी पिशवीतून जुने कागद आणत. "चाचा, एवढं वाचा बरं." अब्बा भिंग धरून वाचत. कुणाच्या कागदात हवी ती नोंद निघे, कुणाच्या निघत नसे. चहा दोघांनाही मिळे. आम्ही मात्र शेजारी बसून नुसते बघत होतो. कुरआन आम्ही नाजरा पढलेलो आहोत, जबर, जेर, पेश लावलेले असले तर वाचू शकतो. या कागदांवर त्यातले काहीच नव्हते. वीस फॉन्ट एकमेकांत फिरवणारे आम्ही, आमच्या आजोबांच्या काळच्या कागदापुढे अंगठेबहाद्दर.

एके दिवशी सादोळ्याकडच्या एका म्हाताऱ्या शेतकऱ्याने आपला कागद घडी घालता घालता विचारले, "चाचा, सगळ्यांचे वाचता. तुमचा वाचला का?"

खरेच की. बारा वर्षे आम्ही सातबाराशी भांडत होतो, त्याच्या मागचा उर्दू कागद आम्ही कधी मागितलाच नव्हता. नक्कल मागवली. 1352 फसलीचा कागद. नकलेवरही 'ह'च्या पोटाखाली काळा ठिपका स्पष्ट होता. उर्दूत 'ह' आणि 'ज' यांचे अंग एकच, पोटाखाली नुक्ता दिला की जीम, न दिला की हे. म्हणजे कारकुनाने समोर दिसले तेच लिहिले होते. आम्ही हात टेकले. अब्बा म्हणाले, झेरॉक्स नको, असल दाखवा. परवानगी काढून त्यांना मूळ कागदापाशी नेले. ते बराच वेळ भिंग फिरवत राहिले, मग आम्हाला जवळ बोलावले. बोरूचे टोक तिरपे कापलेले असते, त्यामुळे त्याचा नुक्ता शंकरपाळ्यासारखा चौकोनी पडतो. त्या पानावरचा प्रत्येक नुक्ता तसा होता. दादांच्या नावातला 'ह'खालचा एकच तेवढा गोल होता, आणि शाईपेक्षा फिकट. माशीचा डाग असेल, नाहीतर कुणाच्या चहाचा शिंतोडा. "ये कलम का नै है," अब्बा एवढेच म्हणाले.

नकलेत काळ्याचे काळेच आले होते, गोल आणि चौकोनी यातला फरक तेवढा पुसला गेला होता. आम्ही दिवसातून पन्नास झेरॉक्स काढतो.

अब्बांचा जबाब, त्यांचा शाळेचा दाखला आणि निकाहची जुनी नोंद असे सगळे जोडून 2024 च्या उन्हाळ्यात दुरुस्तीचा आदेश झाला. नवा फेरफार आला त्यात लिहिले आहे, 'रजीम ऐवजी रहीम'. दुरुस्ती म्हटली की आधीची चूक तिच्यात लिहावीच लागते, त्याला इलाज नाही. फुफूंच्या जागी आता त्यांची चार मुले लागायची आहेत. त्यांतल्या दोघांच्या कागदावर आईचे नाव 'रशिदाबी' आणि दोघांच्या 'रशीदा बेगम' आहे. ते काम चालू आहे.

त्या कागदाचे छायाचित्र आम्ही दुकानातल्या संगणकावर ठेवले आहे. असरनंतर गिऱ्हाईक कमी असते तेव्हा अब्बा ते उघडायला लावतात आणि आम्हाला वाचायला सांगतात. परवा एका शब्दापाशी अडलो. थोरल्याने 'पावली' वाचले, धाकट्याने 'बावली'. खाली एक नुक्ता की तीन, ते काही केल्या दिसेना. पडद्यावर मोठे करून पाहिले तर नुसते चौकोन फुटले. अब्बांनी चष्मासुद्धा लावला नाही.

"बावली है रे. दादा की बावली. दोनों उसीच में तैरना सीखे ना?"