कंबर दुखतीय

आमच्या वाळवा तालुक्यात बायकांची डॉक्टरांपुढं एकच तक्रार असायची: ‘कंबर दुखतीय.’ अंगावरून पांढरं जात असो, लघवीला आग होत असो, दवाखान्याच्या बाकावर सगळ्याचं नाव कंबरदुखी. शेजारी सासू, पलीकडं भावकीतला कुणी खोकल्याचं औषध न्यायला आलेला, आणि डॉक्टर पुरुष. बाई दुसरं काय बोलणार? कंपाउंडर बाटलीवर डोसाची कागदी पट्टी चिकटवून लाल मिक्श्चर द्यायचा, ते घेऊन ती घरी यायची.

खरं कळायचं ते उपकेंद्राच्या नर्सबाईंना. उन्हातान्हातून चालत यायच्या, आमच्या सोप्यात बसायच्या आणि आईपुढचं सूप ओढून तांदूळ निवडायला लागायच्या. डोळे सुपात, हात चालू. मग आई बोलायची. तिला नजर न देता बोलता यावं म्हणून त्या सूप ओढत असणार, हे मला फार उशिरा उमगलं.

आजी मात्र त्यांनाही बोलली नाही. भांगलायला जाताना जुन्या लुगड्याच्या फडक्याची घट्ट गुंडाळी ती सोबत न्यायची. कशाला, ते ती गेल्यावर आईनं सांगितलं. तिचं अंग बाहेर यायचं. मिरजेत वानलेस डॉक्टरांचं मिशन हॉस्पिटल १८९४ पासूनचं, पण जाऊन यायला अख्खा दिवस मोडायचा. शिवाय ‘मिरजेला नेलं’ म्हटलं की गावाला वाटायचं, माणूस आता हातचा गेला. तिनं फडक्यावर आयुष्य काढलं.

१९८९ साली राणी आणि अभय बंग यांनी गडचिरोलीच्या दोन गावांतल्या बायका तपासून ‘लॅन्सेट’मध्ये मांडलं: ९२ टक्के जणींना स्त्रीरोग, आणि त्याआधी कधी तपासणी झालेल्या जेमतेम ८ टक्के. ते वाचताना मला आमचा सोपा दिसत होता.

आता माझी मावसबहीण कराडजवळच्या गावात आशाताई आहे. पांढरं जाण्याला सरकारी औषधांचं हिरवं पाकीट आहे, गरज पडली तर नवऱ्यालाही औषध देतात. खाज पुन्हा पुन्हा उठली तर रक्तातली साखर बघतात. पाळी गेल्यावर लाल दिसलं तर दिवस न घालवता मोठ्या दवाखान्यात पाठवतात. उतरलेल्या अंगाला आत बसवायची रिंग मिळते, ऑपरेशन होतं. आजीला यातलं एक जरी मिळालं असतं!

पण बहिणीला घरोघरची माहिती मोबाइलमध्ये भरायची असते, आणि प्रश्नामागून प्रश्न विचारणाऱ्या माणसापुढं बाई आजही कंबरच सांगते. परवा मी तिच्याबरोबर होते. साठीच्या एका काकूंनी तेच सांगितलं. बहिणीनं मोबाइल पालथा ठेवला, त्यांच्यापुढच्या भुईमुगाच्या शेंगा ओढल्या आणि फोडायला लागली. बऱ्याच वेळानं, मान वर न करता तिनं विचारलं, “कंबरच, का खाली जड जड वाटतंय?”

काकूंच्या हातातली शेंग तशीच राहिली.

“धाकट्याच्या बाळंतपणापासनं हाय बघ,” त्या म्हणाल्या.

धाकटा आता एकतीस वर्षांचा आहे.